काट्यावरचा चोरटा राऊटर शोधून दिला: लातूरच्या डाळमिलचा अनुभव

फेब्रुवारीत, तुरीच्या ऐन हंगामात, आमच्या डाळमिलच्या ऑफिसातले निम्मे कॉम्प्युटर सकाळपासून टॅलीला जोडेनात. मी इथला हिशेब बघते. वजनकाट्यावर गाड्यांची रांग, पावती निघेना, ड्रायव्हर खिडकीवर थापा मारताहेत. या नेटवर्कवाल्यांना फोन केला, तासाभरात आले.

आधी माझ्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला. आमचे आकडे १९२.१६८.१० ने सुरू होतात, तिथं १९२.१६८.० दिसत होतं. म्हणाले, "ताई, पत्ते वाटणारं दुसरंच कुणीतरी तुमच्या वायरीवर बसलंय." सगळ्या वायरी जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, जुना आणि साधा; त्यामुळे ते कुठल्या पोर्टवर (वायरीच्या खाचेत) बसलंय ते कळेना. मग मोबाइलवर त्या अनोळखी वाय-फायचा सिग्नल बघत चालत निघाले; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका राऊटर जवळ. ऑफिसात उणे ८२, गोदामात उणे ६०, काट्याच्या केबिनीत उणे ३८. बारदानाच्या थप्पीमागं, तुरीच्या भुशानं माखलेला घरगुती राऊटर! पासवर्ड १२३४५६७८. बाहेर गाड्या थांबतात तिथपर्यंत त्याची रेंज, आणि तिथून थेट आमच्या सर्व्हरपर्यंत वाट मोकळी. माझ्या पोटात गोळा आला.

काट्यावरचे मामा रडकुंडीला आले. "रेंजच येईना हो, म्हणून घरचा आणून लावला." हे त्यांना एक शब्द बोलले नाहीत, आधी काट्यावर वाय-फाय देणारा चांगला ॲक्सेस पॉइंट बसवून दिला. मला हेच सगळ्यात पटलं. रेंज मिळाली नसती तर महिन्याभरात दुसरा राऊटर आलाच असता.

मग मॅनेज्ड स्विच लावला, म्हणजे प्रत्येक पोर्टला नियम लावता येतो असा. रिकामी पोर्ट बंद, प्रत्येक पोर्टवर ठरलेल्या नंबराचंच मशीन, आणि पत्ते फक्त मुख्य राऊटरनंच वाटायचे. वाय-फायला सगळ्यांचा एक पासवर्ड होता, आता ज्याचं त्याचं लॉगिन. तोच राऊटर परत काट्याच्या वायरीला लावून दाखवला; पोर्ट लगेच बंद पडलं. मशीनचा नंबर नकली करून कुणी फसवू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून ॲक्सेस पॉइंट आजूबाजूची वाय-फाय नावंही तपासत राहतात. अनोळखी वाय-फाय आपोआप तोडायची सोय मात्र मुद्दाम बंद ठेवली, कारण शेजारच्या मिलचं वाय-फायही त्या यादीत येतं.

तक्रार एकच. कुठली वायर कुठं जाते याचा कागद दोनदा मागूनही दिला नाही. शेवटी मीच मामांना घेऊन एकेक वायर बघितली आणि स्विचच्या पेटीला चिठ्ठ्या चिकटवल्या.