मॅन्युअल सीट काढून पॉवर सीट बसवली: आठ महिन्यांनंतर

आमची गाडी आम्ही दोघंही चालवतो. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची सहा फूट. जुन्या सीटला पुढे-मागे सरकायला खालचा दांडा होता आणि पाठ कलती करायला बाजूचा लिव्हर. उंची बदलायची सोयच नव्हती. मी खाली उशी टाकून बसायचे, तरी क्लच पूर्ण दाबताना टाच अधांतरी. शिवाय ती सीट ठरावीक खाचेतच अडकायची. एका खाचेत मी स्टिअरिंगला चिकटायचे, तिच्या मागच्या खाचेत पाय पोचायचा नाही.

स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावं, कारण एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत आणि फार जोराने उघडते. मी टेप लावून मोजलं तर २० भरलं. त्याच दिवशी ठरवलं की सीट बदलायची.

त्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या वरच्या व्हेरियंटची वापरलेली पॉवर सीट, म्हणजे बटण दाबून मोटरवर हलणारी सीट मिळाली, म्हणून जमिनीवरचे चारही बोल्ट जसेच्या तसे बसले. दुसऱ्या गाडीची सीट ब्रॅकेट वेल्ड करून बसवण्याच्या भानगडीत मी कधीच पडणार नाही. अपघातात सीटवर येणारा भार त्या चार बोल्टवर येतो. सीट आठ दिशांची आहे: पुढे-मागे, वर-खाली, बैठकीची पुढची कड वर-खाली आणि पाठ पुढे-मागे. मेमरीवाली, म्हणजे प्रत्येकाचं माप लक्षात ठेवणारी, मुद्दाम टाळली. मेमरीवाल्या सीटला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ते गाडीच्या बाकी यंत्रणेशी जुळवावं लागतं. साध्या सीटचं बटण फक्त मोटरकडे जाणारी प्लस-मायनस उलटसुलट करतं, त्यामुळे बिघाड शोधणंही सोपं जातं.

बसवायला निम्मा दिवस गेला, त्यातला बराचसा वायरिंगमध्ये. मेकॅनिक सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून सप्लाय घेऊ म्हणाला. मी हट्टाने नको म्हटलं. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १५ ॲम्पिअरचा, वायरही त्याच बेताची. दोन मोटरी एकदम चालल्या किंवा एखादी अडकली तर तो फ्यूज उडणारच. आम्ही बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणली आणि बॅटरीच्या अगदी जवळ ३० ॲम्पिअरचा फ्यूज टाकला. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून तो तुकडा जेवढा आखूड तेवढा बरा.

सीटखालचा पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅगची वायर. जुन्या आणि नव्या, दोन्ही सीटमध्ये बाजूची एअरबॅग होती हे आधीच तपासलं होतं. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढल्यावर दहा मिनिटं कशालाही हात लावला नाही, कारण बॅटरी सोडवली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. पण वायरिंग तपासायला बॅटरी परत जोडली तेव्हा पिवळा कनेक्टर अजून मोकळाच होता, आणि मेकॅनिकने त्याच अवस्थेत इग्निशन ऑन केलं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच. कनेक्टर जोडूनही जाईना, शेवटी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसावा लागला. कनेक्टर मोकळा असताना इग्निशन ऑन करायचं नाही, हे कामाला हात लावण्याआधी मेकॅनिकला बजावून ठेवा.

आता वापराबद्दल. मला वाटलं होतं की खरा फायदा उंचीचा होईल. तो झालाच. बॉनेटची कड दिसते, उशी गेली, छातीपासूनचं अंतर २६ भरतं. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो बैठकीची पुढची कड हलते याने. पूर्वी माझ्या मांड्यांखाली ती कड रुतायची आणि तासाभरात पायाला मुंग्या यायच्या. आता कड थोडी खाली घेते, क्लच तळापर्यंत जातो आणि पाठ मात्र टेकलेलीच राहते. नवरा तीच कड वर घेतो, त्याच्या लांब मांड्यांना आधार मिळतो. लांबच्या प्रवासानंतर कंबर धरून उतरणं त्याचं बंद झालं, आणि मला या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं असं वाटतं ते यामुळे.

वेग मात्र कमी आहे. माझ्या जागेवरून त्याच्या जागेवर यायला पंधराएक सेकंद लागतात. जुनी सीट एका हिसक्यात जायची.

तिसऱ्या महिन्यात आतला दिवा रात्रभर चालू राहिला आणि बॅटरी उतरली. सीट माझ्या मापावर, अगदी पुढे. धक्का मारून गाडी सुरू करायची तर नवरा आत मावेना. जंपर केबल मिळेपर्यंत थांबावं लागलं. मॅन्युअल सीट असती तर ही वेळ आली नसती. केबल आता कायम डिकीत असते.

पाचव्या महिन्यात सीट सरकताना कुरकुरू लागली आणि नंतर किंचित तिरकी झाली. एकच मोटर दोन्ही बाजूंच्या रेलना लवचीक शाफ्टने फिरवते. एका रेलमध्ये मुलीचा खडू अडकला होता, त्या बाजूचा शाफ्ट निसटला आणि दुसरी बाजू पुढे गेली. दोन्ही रेल एका रेषेत आणून शाफ्ट परत बसवला. तेव्हापासून महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने रेल साफ करते.

ज्याचा उपाय सापडला नाही ती गोष्ट मागच्या प्रवाशाची. सीटखाली आता मोटरी आहेत. नवऱ्याने सीट खाली घेतली की मागे बसलेल्या सासूबाईंना पाय पुढे सरकवायला जागाच उरत नाही. त्या आता शेजारच्या सीटमागे बसतात. ही सीट तळाला नेली तरी जुनीपेक्षा दोन बोटं उंचच राहते, त्यामुळे नवऱ्याला पाठ थोडी जास्त कलती ठेवावी लागते. तुमच्याकडे सहा फुटांवरचं कोणी असेल तर विकत घेण्याआधी त्याला त्या व्हेरियंटच्या गाडीत बसवून बघा.

शेजारची सीटही बदलू या, असं नवरा म्हणतो. मी नाही म्हटलंय. आमच्या गाडीत त्या सीटखाली बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर आहे आणि समोरची एअरबॅग उघडायची की नाही हे त्यावर ठरतं. सीट बदलली की तो नव्याने कॅलिब्रेट करावा लागेल, म्हणजे त्याचं माप पुन्हा जुळवावं लागेल, आणि ते खात्रीने करून देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.