गटोपचार, आठ महिन्यांनंतर: तेवढी साडेदहाची वेळ बदला

शनिवार, सकाळी साडेदहा ते बारा. ही वेळ कोणी ठरवली, ते आठ महिन्यांत कळलेलं नाही. स्किझोफ्रेनियाच्या गटात निम्मे शुभार्थी (म्हणजे हा आजार असलेले) रात्रीच्या क्लोझापिन नाहीतर ओलान्झापिन या गोळ्यांवर. सकाळी दहापर्यंत डोकं जड, वर दोन बस बदलायच्या. सव्वाअकराला पोचलं की "आता पुढच्या शनिवारी या". सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, शेऱ्यात "प्रेरणेचा अभाव". गोळीची गुंगी उतरत नाही, याला प्रेरणेचा अभाव म्हणायचं म्हणजे कमालच.

यातली धोक्याची गोष्ट वेगळीच. शनिवारी जाग यावी म्हणून काही जण आदल्या रात्रीची गोळी टाळतात. क्लोझापिनमध्ये 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर थेट परतता येत नाही. डॉक्टर पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवत नेतात. गट बुडाला तर बुडू द्या, गोळी बुडवू नका. गोळी संध्याकाळी थोडी लवकर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

सेशन मात्र चांगलं चालतं. आठ-दहा जण, दोन समुपदेशक. एक विषय पुढे नेतो, दुसऱ्याचं लक्ष कोण अस्वस्थ होतंय याच्याकडे. एकच असेल आणि कोणी तडक उठून गेलं, तर त्याच्यामागे जायचं की इथे बसायचं? विषयही कामाचे: बसमध्ये आवाज ऐकू आले तर काय करायचं, "अजून गोळ्या चालूच का?" विचारणाऱ्या मावशींना काय सांगायचं. एकमेकांना डोस सुचवायचा नाही, हा नियम कडक आहे आणि हवाच. लिथियमची गोळी घेणाऱ्यांना तहान फार. पाण्याची बाटली जवळ ठेवू देतात.

न बोलणारे उगाच खुर्ची अडवतात, असं सुरुवातीचं मत होतं. ते मागे. उठून, आंघोळ करून, चार लोकांत दीड तास बसणं, या आजारात आधी तेच सुटतं. पाचव्या महिन्यात यांतलेच दोघं चहा वाटायला उठू लागले.

फी शंभर, रिक्षाने गेलं तर जाऊन-येऊन दोनशे ऐंशी. ऑनलाइन गट स्वस्त पडतो, पण त्यात कॅमेरा बंद करून झोपणारेच जास्त.

दुपारी तीनची वेळ मागितली, तर हॉल तेव्हा योगवर्गाला भाड्याने दिलाय म्हणे. योगवर्ग सकाळी घ्या की. ती मंडळी लवकर उठतात.