धरणफोड्या लँकेस्टरची डायकास्ट प्रतिकृती

मे १९४३ मध्ये जर्मनीतील म्योने धरण फोडणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनच्या (तुकडीच्या) लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाची १:७२ प्रमाणातील ही डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली, प्रतिकृती हातात घेताच धातूचे वजन जाणवते. मूळ विमानाच्या सुमारे ३१ मीटर पंखविस्ताराचे येथे ४३ सेंटिमीटर होतात, त्यामुळे कपाटातील जागा मोजूनच ती मागवावी. त्या मोहिमेसाठी पाठीवरचा मशीनगनचा घुमट काढून टाकला होता, तो येथेही नाही, आणि पोटाखाली आडवा टांगलेला पिंपासारखा बॉम्ब, सोडण्यापूर्वी त्याला उलटा फिरवणाऱ्या पट्ट्यासकट, दोन्ही बाजूंच्या पकडींत इतका नेमका बसवला आहे की मी तो बराच वेळ भिंगाखाली पाहत राहिलो. पंखांचे सांधे मात्र डोळ्यांत भरतात, आणि चारपैकी एका पंख्याचे पाते वाकलेले निघाले. एवढ्या किमतीला हे खटकते. तरीही मी ती परत केली नाही.