पंपावरचा ऑइल सेपरेटर, १४ महिन्यांनंतर (आणि ते झाकण)

भंडारा रोडला आमचा छोटा पेट्रोल पंप आहे. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तीन कप्प्यांचा फायबरचा ऑइल-वॉटर सेपरेटर (ड्राइव्हवेवरच्या पाण्यातलं सांडलेलं तेल-डिझेल वेगळं करणारी टाकी) बसवला, ३ लिटर प्रति सेकंदवाला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात म्हणून ते लिहत नाही. या जूनमध्ये जे झालं त्यामुळे लिहायला बसलो.

पहिला जोराचा पाऊस पडला आणि सकाळी सेल्समन धावत आला, म्हणे भाऊ, नालीत डिझेल वाहून राहिलं. जाऊन पाहतो तर खरंच, पाण्यावर निळी-जांभळी साय आणि वास असा की बाजूचा चहावाला शेगडी विझवून उभा. ही नाली पुढे नाग नदीत जाते, नाग कन्हानला मिळते, ते पाणी गोसेखुर्द धरणापर्यंत पोचते. एवढे पैसे मोजून लावलेली वस्तू नेमकी त्याच दिवशी उपयोगाची नाही, याचा मला भयंकर राग आला.

दोघांनी सब्बल लावून झाकण उघडलं तेव्हा कळलं. या एप्रिलमध्ये सर्व्हिसचा माणूस येऊन गाळ काढून, टाकी धुवून गेला होता, पण परत पाणी भरलंच नव्हतं. पूर्ण उन्हाळा, नवतपासुद्धा, टाकी कोरडी पडून. आता डिझेल पाण्यावर तरंगते आणि बाहेर जाणारा पाइप खालून पाणी ओढतो, एवढ्यावरच तर हे यंत्र चालते. आत पाणीच नसेल तर पहिल्या पावसात ड्राइव्हवेवरचं दोन महिन्यांचं सांडलेलं सगळं खाली तळाशीच येते आणि सरळ त्या पाइपातून बाहेर.

कंपनीला फोन केला तर म्हणे रिफिलिंग ग्राहकाने करायचं असते. मग सर्व्हिसचे पैसे कशाचे घेतले? पंधरा दिवस भांडलो, शेवटी पुढची सर्व्हिस फुकट करून देतो म्हणाले.

पण माझा खरा राग त्या झाकणावर आहे. ओतीव लोखंडाचं, हँडल नाही, एका माणसाच्याने हलत नाही. आमच्या पेट्रोलच्या टाकीची डिप आम्ही रोज सकाळी घेतो (म्हणजे आत पट्टी सोडून माप घेतो), पट्टीला वॉटर पेस्ट लावून पाणी बघतो, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो, कारण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि थोडंही पाणी आत गेलं तर ते इथेनॉल पाण्यासोबत खाली बसते आणि गिऱ्हाइकाची गाडी बंद पडते. मग सेपरेटरला बघायला साधी हाताएवढी खिडकी का नाही, आत लेव्हलची एक रेघ का नाही? ज्याला बघायला दोन माणसं आणि सब्बल लागते ते कोणीच बघत नाही. मी पण नाही बघितलं, १४ महिन्यांत मोजून तीनदा.

आता एक कबूल करतो. मागच्या पावसाळ्यात मी याला थेट फसवणूक म्हटलं होतं, पाणी दुधासारखं गढूळ निघत होतं आणि लॅबचा ऑइल-ग्रीसचा रिपोर्ट मर्यादेच्या वर आला होता (नदी-नाल्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम, गडरलाइनसाठी २०). तेव्हा चूक यंत्राची नव्हती. आमच्या ठेकेदाराने वॉशिंग रॅम्पची (गाड्या धुवायच्या जागेची) नाली याच्यातच जोडली होती. साबणाने डिझेलचे बारीक बारीक थेंब पाण्यात मिसळून जातात, मग ते वर येतच नाहीत. आता रॅम्पचं पाणी वेगळ्या गाळ-चेंबरमधून परवानगी घेऊन गडरलाइनला दिलं, संडास-बाथरूमची लाइन तर आधीपासूनच वेगळी आहे.

दुसरी चूक कॅनॉपीची, म्हणजे पंपावरच्या छताची. तिचे पाइप ड्राइव्हवेवरच सोडले होते. २०० चौरस मीटर छत आणि तासाला ५० मिमी पाऊस धरला तर १० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेतीन. सेपरेटरची पूर्ण ताकद स्वच्छ पाण्यातच गेली! आता छताचं पाणी सरळ पावसाच्या नालीत जाते. एकाने सुचवलं की ड्राइव्हवेचं पाणी बोअरजवळ खड्डा करून जिरवा, मी साफ नाही म्हटलं, पेट्रोल एकदा जमिनीत उतरलं तर काढणार कोण?

आणि जास्त विचार करतो असं ज्यांना वाटते त्यांनी १९९२ ची मेक्सिकोतली ग्वादालाहारा आठवावी. गळक्या पाइपातलं पेट्रोल गडरलाइनमध्ये गेलं, स्फोट झाले आणि २०० च्या वर माणसं मेली. हा खर्च मला त्याच्यापुढे काहीच वाटत नाही.

तर घ्यायचा का? घ्या, पण सर्व्हिसवाला निघायच्या आधी टाकी काठोकाठ भरून घ्या आणि त्याच्यासमोर बादलीने पाणी टाकून पलीकडून निघते का ते बघा. निघालेलं तेल-गाळ कबाडीवाल्याला देऊ नका, तो घातक कचरा आहे, अधिकृत रिसायकलरलाच द्या आणि पावती ठेवा.

झाकण मी वेल्डरकडून कापून घेतलं, बिजागरीचं छोटं दार लावलं, पण ते वेल्डिंग पंपापासून दूर, त्याच्या वर्कशॉपमध्येच करवलं. आत पिवळ्या पेंटची रेघ मारली. दर सोमवारी सकाळी डिप घेणारा पोरगाच ती रेघ बघून रजिस्टरला लिहितो. काल पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं, दोन बादल्या टाकल्या.