अ‍ॅपलचा क्राउन की सीएमएफची चकती? एकाच कंपनीचा संच घेण्याआधी

फोन, घड्याळ, हेडफोन असं सगळं एकाच कंपनीचं घ्यावं असं मनात आलं की भुरळ पडते ती तोंडावळ्याची. तेच रंग, त्याच कडा, तेच गोल बटण. पण दिसणं जुळलं म्हणजे वापरणं जुळतंच असं नाही. एका वस्तूवर बोटांना लागलेली सवय दुसऱ्या वस्तूवर उपयोगी पडते का, हे आधी बघा. फिरवायचं बटण अ‍ॅपल आणि सीएमएफ या दोघांनीही लाडाने वापरलंय, म्हणून तुलना त्याचीच करतो.

अ‍ॅपलचा डिजिटल क्राउन, म्हणजे घड्याळाच्या कडेची फिरणारी चावी, 2015 साली अ‍ॅपल वॉचबरोबर आला. एवढ्याशा पडद्यावर बोट फिरवलं तर वाचायचं तेच बोटाखाली झाकलं जातं, म्हणून घड्याळाच्या चावीलाच कामाला लावलं. 2018 च्या सिरीज 4 पासून तो फिरवताना बोटाला बारीक टकटक जाणवते, त्यामुळे किती फिरवलं हे न बघता कळतं. पुढे तोच क्राउन, आकाराने मोठा होऊन, 2020 मध्ये एअरपॉड्स मॅक्स या हेडफोनच्या उजव्या कपावर बसला आणि 2024 मध्ये डोळ्यांवर घालायच्या व्हिजन प्रो हेडसेटवर. हेडफोनवर फिरवला की आवाज कमीजास्त होतो. व्हिजन प्रोवर आवाज, किंवा भोवतालची खोली किती दिसावी ते. म्हणजे फिरवण्याचा अर्थ सगळीकडे जवळपास एकच: समोर जे चाललंय ते वाढव, घटव, पुढे सरकव. दाबण्याचं मात्र तसं नाही. घड्याळावर आणि व्हिजन प्रोवर दाबलं की मुख्य पडदा येतो, हेडफोनवर गाणं थांबतं. हा फरक मला खटकत नाही. हेडफोनला पडदाच नाही.

सीएमएफ हा नथिंग या कंपनीचा स्वस्तातला ब्रँड. जुलै 2024 मध्ये त्यांनी फोन 1, बड्स प्रो 2 आणि वॉच प्रो 2 एकदमच आणले. फोनच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात गोल चकती, बड्सच्या डबीवरही कोपऱ्यात तशीच चकती, आणि घड्याळाला फिरणारी चावी. शेजारी ठेवले की तिघं सख्खी भावंडं वाटतात. डबीवरची चकती मला मनापासून आवडते. डबी खिशात असतानाच अंगठ्याने चकती फिरवायची, आवाज बदलतो; दाबली की गाणं थांबतं. कानातल्या बडवर टकटक करताना तो निसटायची भीती असते, ती इथे नाही. कोणत्या दाबाने काय व्हावं तेही नथिंग एक्स अ‍ॅपमधून ठरवता येतं.

फोनवरची चकती म्हणजे मात्र निव्वळ स्क्रू. ती फिरवून काढायची आणि त्या जागी स्टँड, दोरी किंवा कार्डांचं पाकीट लावायचं. कल्पना छान आहे, उपयोगीही आहे, पण डबीवर शिकलेलं फोनवर चालत नाही. शिवाय फोन 1 ची पाठ स्क्रू काढून बदलता यायची. 2025 च्या फोन 2 प्रोमध्ये चकती राहिली आणि ती सोय गेली. जोडायच्या वस्तू घ्यायच्या तर त्या आत्ताच्या फोनसाठीच घ्या, पुढच्या मॉडेलच्या भरवशावर नको.

अर्थात अ‍ॅपलच्या फोनलाही क्राउन नाहीच. तिथे जुळतं ते अ‍ॅक्शन बटण: 2022 मध्ये वॉच अल्ट्रावर, 2023 मध्ये आयफोन 15 प्रोवर. दोन्हीकडे काम आपणच नेमून द्यायचं, म्हणून थोडं मन लावलं तर एकसारखी सवय लावून घेता येते.

पैशांचं गणित सरळ आहे. एअरपॉड्स मॅक्स भारतात 59,900 रुपयांना विकले गेले. सीएमएफ फोन 1 बाजारात आला तेव्हा 15,999 पासून होता, म्हणजे तिघं मिळूनही त्या एका हेडफोनच्या निम्म्यात बसायचे. त्यामुळे बजेट बेताचं असेल तर संचाचा हट्ट सोडा: सीएमएफचे बड्स घ्या, फोन कुठलाही चालेल, कारण चकतीचं खरं काम डबीवरच होतं. आयफोन आधीपासून असेल तर घड्याळ अ‍ॅपलचं घ्या, तिथे क्राउन रोज हाताशी येतो. एअरपॉड्स मॅक्स मात्र केवळ क्राउन जुळतो म्हणून घेऊ नका. त्याला पर्यायही आहे: नथिंगच्या हेडफोन 1 वर आवाजासाठी रोलर, गाणं बदलायला वेगळी पट्टी आहे. दोन्हींचे आकार निराळे, त्यामुळे बोटांचा गोंधळ होत नाही. भारतात त्याची किंमत 21,999 ठेवली होती. दुकानात दोन्ही हेडफोन डोक्यावर चढवा आणि न बघता आवाज कमी करून पाहा.