मिस्टरी डंजन: सुरुवात चोकोबोपासून, पोकेमॉनपासून की थेट शिरेनपासून?

मिस्टरी डंजन ही जपानी गेममालिका नव्याने खेळू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती ही की, तिच्या एका छताखाली अनेक परकी विश्वे नांदतात. कोणी पोकेमॉनच्या ओढीने येतो, कोणी फायनल फँटसी या गेममालिकेतल्या चोकोबो या पिवळ्या पक्ष्यासाठी, तर कोणी शिरेन या भटक्या योद्ध्याची ख्याती ऐकून. चालण्या-लढण्याचे नियम या सगळ्यांत जवळजवळ सारखे असूनही प्रत्यक्ष खेळताना हे गेम एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. माझ्या मते या अंतराचे मूळ एकाच प्रश्नात आहे: हरल्यानंतर खेळाडूच्या हाती काय उरते? निवड करताना आवडत्या पात्राच्याही आधी याचा विचार करावा.

मूळ सांगाडा १९८० च्या ‘रोग’ या गेमचा. दर वेळी नव्याने रचला जाणारा भुयारांचा (म्हणजेच डंजनचा) नकाशा, आपण एक पाऊल टाकले की शत्रूंनीही आपली चाल करावी हा नियम, आणि मेलो की सारे पहिल्यापासून. ड्रॅगन क्वेस्ट या गाजलेल्या गेममालिकेच्या सुरुवातीच्या भागांचे प्रोग्रॅमिंग केलेले कोइची नाकामुरा आणि त्यांची चुनसॉफ्ट ही कंपनी यांनी १९९३ मध्ये हा सांगाडा सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेमयंत्रावर आणला. तो अनोळखी वाटू नये यासाठी त्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’ मधील टोर्नेको या व्यापाऱ्याला नायक केले, आणि ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती असे मला वाटते. तलवारबहाद्दर वीर भुयारातून रिकाम्या हाताने परतला तर कथा अडते. व्यापाऱ्याच्या बाबतीत मात्र आणलेल्या प्रत्येक वस्तूने दुकान वाढते, त्यामुळे पुन्हा पुन्हा आत उतरण्याला आपोआप कारण मिळते. पुढे १९९५ मध्ये चुनसॉफ्टने स्वतःचा शिरेन घडवला, १९९७ मध्ये फायनल फँटसी बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीचा चोकोबो आला, आणि २००५ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्ससाठी ‘रेड रेस्क्यू टीम’ व निन्टेन्डो डीएससाठी ‘ब्लू रेस्क्यू टीम’ अशा जोडीने पोकेमॉन दाखल झाला.

या गेममधला फरक भुकेच्या प्रसंगी चटकन कळतो. प्रत्येक पावलागणिक पोट रिकामे होत जाते आणि ते शून्यावर आले की पुढचे प्रत्येक पाऊल जीव कमी करते. टोर्नेको पाव खातो, शिरेन भाताचा गोळा आणि पोकेमॉन सफरचंद. नियम मात्र एकच. शिरेनमध्ये शेवटचा गोळा खाऊन झाला, पुढच्या मजल्याचा जिना सापडत नाही आणि झोळीत परिणाम माहीत नसलेली जादूची एक गुंडाळी आहे, अशा वेळी ती वाचावी की जपून ठेवावी, हा निर्णय खरोखरच जिवावरचा असतो. कारण इथे पडलात तर सोबतचे सारे सामान जाते, आणि पुन्हा डंजनमध्ये शिरताना लेव्हल १ पासूनच, म्हणजे सर्वांत कमी ताकदीने सुरुवात होते. टिकते ती फक्त खेळाडूची समज. पोकेमॉनमध्ये त्याच प्रसंगी पैसे आणि काही वस्तू गमवाव्या लागतात, पण लेव्हल, शिकलेल्या चाली आणि जमवलेले साथीदार कायम राहतात. शिवाय दुसऱ्या खेळाडूकडे सुटकेची मदतही मागता येते.

या सौम्यपणाला काही जण उणेपणा मानतात, ते मला पटत नाही. माणूस असलेला नायक पोकेमॉन होऊन जागा होतो आणि भेटलेल्या पहिल्या मित्राबरोबर बचावपथक उभारतो, अशी ही कथा आहे; त्या मित्राची लेव्हल दर पराभवाला पुसली गेली असती, तर त्याच्याविषयीची माया टिकलीच नसती. या बाबतीत पोकेमॉनमधले ‘एक्स्प्लोरर्स’चे भाग सर्वांत समृद्ध आहेत. ‘टाइम’ व ‘डार्कनेस’ २००७ मध्ये आले, आणि २००९ च्या ‘स्काय’ने त्यांत दुय्यम पात्रांच्या खास कथा जोडल्या. कथेसाठी खेळणाऱ्याने शक्य असेल तर ‘स्काय’च घ्यावा. अडचण एवढीच की तो जुन्या डीएस यंत्रासाठी आहे आणि वी यू या निन्टेन्डोच्या यंत्रावरील त्याची आवृत्ती विकणारे ऑनलाइन दुकान २०२३ मध्ये बंद झाले. त्याच कारणाने डीएसनंतरच्या थ्रीडीएस यंत्रावरील पोकेमॉनचा ‘सुपर मिस्टरी डंजन’ही आता डिजिटल स्वरूपात विकत घेता येत नाही.

निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर सहज मिळणारा पोकेमॉनचा पर्याय म्हणजे २०२० चा ‘रेस्क्यू टीम डीएक्स’. जलरंगातल्या चित्रांसारखी त्याची दृश्ये सुंदर आहेत. त्यातली आपोआप चालण्याची सोय मात्र नवख्याने बंद ठेवावी, कारण कोणत्या दिशेने वळायचे हे ठरवणे हाच या खेळाचा अर्धा गाभा आहे.

चोकोबो या दोन टोकांच्या मध्ये बसतो. २०१९ चा ‘एव्हरी बडी’ हा निन्टेन्डोच्या जुन्या वी यंत्रावरील चोकोबो गेमचा नवा अवतार आहे. घंटा वाजली की गावकरी आठवणी विसरतात आणि चोकोबो त्यांच्या स्मृतींमध्येच डंजन म्हणून उतरतो, ही कल्पना मला पोकेमॉनच्या पहिल्या कथेपेक्षाही अधिक भावते. लेव्हल टिकते, योद्धा किंवा जादूगार असे पेशे बदलता येतात, आणि काही डंजनांत खास अटी घालून कस पाहिला जातो. वेग संथ आहे. ज्यांना गोष्ट आणि गणित दोन्ही थोडे थोडे हवे, त्यांच्यासाठी तो योग्य.

शिरेन निवडायचा झाल्यास २०२४ चा सहावा भाग घ्यावा. तो स्विचवर आणि संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानावर मिळतो. पराभव हाच धडा मानणाऱ्याने थेट इथूनच सुरुवात करण्यास माझी काहीच हरकत नाही. ज्याला खात्री नसेल, त्याने ‘डीएक्स’ घेऊन मुख्य कथा संपवावी आणि मग त्यातल्याच ‘प्युरिटी फॉरेस्ट’ या डंजनमध्ये उतरावे. तिथे लेव्हल अगदी खाली आणली जाते, बाहेरचे सामान नेता येत नाही, आणि मजले ९९ आहेत. विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर सर्वस्व गमावल्यावरही लगेच पुन्हा आत जावेसे वाटले, तर पुढची खरेदी शिरेनची करावी. कन्सोल बाजूला ठेवावासा वाटला, तर चोकोबोकडे वळावे.