आरटीई प्रवेश मदत केंद्र, किसननगर (ठाणे) : अर्जापुरते उत्तम, पुढे अपुरे

वागळे इस्टेटमधील किसननगर भागात, एका समाजमंदिराच्या खोलीत, शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) शाळाप्रवेशाच्या हंगामात काही कार्यकर्ते पालकांसाठी मोफत मदत केंद्र चालवतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवाव्या लागतात आणि त्या मुलांकडून आठवीपर्यंत फी घेता येत नाही. कायदा इतका सरळ असला तरी आपल्या राज्यात ऑनलाइन अर्ज, कागदपत्रे, सोडत आणि कागदपत्रे तपासणारी पडताळणी समिती एवढे टप्पे पार केल्यावरच ती जागा मिळते. आमच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाचा अर्ज भरण्यासाठी मी त्यांच्यासोबत या केंद्रात गेले होते. तिथे जे पाहिले, त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे.

केंद्राचे सर्वांत मोलाचे काम नकाशावर होते. अर्जात घराचे ठिकाण नकाशावर खूण करून दाखवावे लागते आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी होतो, त्यानंतर एक ते तीन किलोमीटरमधल्यांचा. चाळींच्या गल्ल्यांना धड पत्ता नसल्यामुळे पत्ता टाकला की खूण बहुधा मुख्य रस्त्यावर जाऊन बसते. लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने बाईंना विचारले, "मावशी, पिठाच्या गिरणीपासून तुमचं घर नाल्याच्या अलीकडे की पलीकडे?" आणि नकाशा मोठा करत, छपरे ओळखत खूण नेमकी त्यांच्या खोलीवर आणली. त्या एवढ्याशा सरकण्याने एक शाळा तीन किलोमीटरच्या यादीतून एक किलोमीटरच्या यादीत आली. याच परिसरातल्या एका सायबर कॅफेत आधी पैसे मोजून अर्ज भरणाऱ्या एका पालकांच्या अर्जावर ती खूण थेट महामार्गावर होती, तीही तिने तिथेच दुरुस्त करून दिली. दहापर्यंत शाळा निवडता येतात, तरी नावाजलेल्या शाळांचीच यादी भरण्याचा मोह टाळा, मुलाला रोज पोहोचवता येईल त्या शाळा घ्या, हा तिचा सल्लाही व्यवहारी वाटला.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र केंद्र हतबल आहे. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या तारखेच्या आधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. आता किसननगरात कोणता खोलीमालक भाडेकरूला नोंदणीकृत करार करून देतो? महापालिका हद्दीत नोंदणी शुल्कच १,००० रुपये, त्यावर मुद्रांक शुल्क, त्यावर एजंटाची दक्षिणा, आणि मालकाला मुळात कागदावर यायचेच नसते. उत्पन्नाची अटही तशीच. खुल्या प्रवर्गातील कुटुंबासाठी वार्षिक मर्यादा एक लाखाची, म्हणजे महिन्याला साधारण ८,३३३ रुपये. बारा तास पहारा देणारा सुरक्षारक्षकसुद्धा या हिशेबाने दुर्बल घटकात बसत नाही. बाईंकडे नवऱ्याच्या भटक्या जमातीचा दाखला होता, त्या प्रवर्गाला उत्पन्नाची अट नाही, म्हणून त्यांचे काम सुकर झाले. आमच्या पुढे बसलेल्या कुटुंबाचा दाखला मात्र शेजारच्या राज्यातला होता आणि तो इथे चालत नाही. त्यांना हे ज्या शब्दांत सांगितले गेले, त्यात सहानुभूती होती आणि खोटी आशा नव्हती.

अशा अडलेल्या प्रत्येक प्रकरणाची नोंद हे कार्यकर्ते एका वहीत करतात, नाव वगळून फक्त कारण लिहितात, आणि तीच कारणे निवेदनांतून शिक्षण विभागाकडे पाठवतात. माझ्या मते केंद्राचे वेगळेपण इथे आहे. त्यांना केवळ अर्ज भरायचे नाहीत, नियम बदलून घ्यायचे आहेत. राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने नियमांत दुरुस्ती करून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. ठाण्यासारख्या शहरात, जिथे दर थोड्या अंतरावर महापालिकेची शाळा आहे, तिथे यातून काय उरले असते हे सांगायला नको. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर पालकांना अर्ज नव्याने भरावे लागले आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द ठरवली. त्या निकालाचा मराठी व हिंदीतला सारांश केंद्राच्या भिंतीवर लावलेला आहे आणि पालक रांगेत उभे असताना तो खरोखर वाचतात. (१८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण अंतरे मोजत बसलो आहोत.)

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. सोडतीत नाव लागले की केंद्राचा पालकांशी संबंध जवळपास संपतो. खरी कसोटी त्यानंतर लागते: गणवेश, बस, सहल, "उपक्रम शुल्क" अशा नावांनी पैसे मागितले गेले तर कोणते द्यायचे, कोणते नाकारायचे आणि तक्रार कुणाकडे करायची, हे सांगणारा साधा एका पानाचा कागदही इथे मिळत नाही. आठवीनंतर फी सुरू होते, हेही बाईंना मीच सांगितले. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाचा घरी अभ्यास कोण घेणार, याचे उत्तर तर कुणाकडेच नव्हते. बसायला खुर्च्या मोजक्या, पंखा एक, आणि रोजंदारीवर जाणाऱ्यांना परवडेल अशी संध्याकाळची वेळ आठवड्यातून फक्त शनिवारी.

तरीही पैसे घेऊन अर्ज भरणाऱ्या दुकानांपेक्षा इथेच जावे, असे मी नि:संकोच सांगेन. जाताना जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि वडिलांचा किंवा मुलाचा जातीचा दाखला मूळ प्रतीसह न्यावा. उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तहसील कार्यालयाच्या गर्दीचा विचार करून तो आधीच काढून ठेवावा. झेरॉक्सचे पैसे तेवढे आपल्याला द्यावे लागतात. संदेश येण्यासाठी मोबाइल क्रमांक घरात कायम राहणाऱ्या व्यक्तीचाच द्यावा, कारण प्रतीक्षा यादीतून नंबर लागला आणि दिलेल्या मुदतीत पालक पडताळणीला पोहोचले नाहीत तर ती जागा पुढच्या मुलाला जाते.